करवतीसाठी परवडणारी कानस कोणती?

प्रश्न : घरच्या घरी सुतारकाम करायची मला आवड आहे. माझ्याकडे जुन्या बनावटीच्या दोन हातकरवती आहेत. त्यांच्यासाठी आणलेल्या स्वस्त त्रिकोणी कानशी एकदा धार लावली की निकामी होतात आणि परदेशी कानशी खिशाला परवडत नाहीत. काही मधला मार्ग आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि तो आपल्याच बाजारात आहे. आधी तुमच्या कानशी इतक्या लवकर का गेल्या ते पाहू.

हार्डवेअरच्या दुकानात नुसती ‘त्रिकोणी कानस’ मागितली, तर अनेकदा सर्वसाधारण कामाची, दुहेरी कापाची कानस मिळते. ती लोखंडी कामातले आतले कोपरे साफ करण्यासाठी असते. म्हणून तिच्या कडा तीक्ष्ण असतात आणि त्यांवर दाते नसतात. करवतीला धार लावताना मात्र सगळा मार कडेवरच येतो, कारण दोन दात्यांमधली खाच कडच कोरते. तिथे अशी नाजूक कड लगेच झडते. करवतीची खास कानस एकेरी कापाची आणि टोकाकडे निमुळती असते. तिच्या कडा किंचित गोलसर असतात आणि कडांवरही बारीक दाते पाडलेले असतात. दुकानात ‘टेपर सॉ फाइल’ म्हणून मागा आणि कडेवरून नख फिरवून पाहा. खरखर लागली तर ती तुमच्या कामाची. परदेशी मालाची गरज नाही. जेके फाइल्ससारख्या नावाजलेल्या भारतीय कंपनीच्या कानशींचे उत्पादन रत्नागिरीत अनेक वर्षे होत आले आहे.

आता आकार. खरी बचत इथेच होते. हातकरवतीच्या दोन दात्यांमधला कोन 60 अंशांचा असतो, म्हणून कानस समभुज त्रिकोणी असते. खाचेत ती एका बाजूने पुढच्या दात्याला, तर दुसऱ्या बाजूने मागच्या दात्याला घासते. म्हणजे प्रत्येक बाजू दोन कडांच्या वाट्याला येते. बाजूची रुंदी दात्याच्या खोलीच्या दुपटीहून थोडी जास्त असेल, तर अर्धी बाजू एका कडेसाठी आणि उरलेली अर्धी दुसरीसाठी ताजी राहते. अशा एका कानशीतून तीन कानशींचे काम निघते. लहान कानस घेतली, तर बाजूचा मधला पट्टा दोनदा झिजतो. फार मोठी घेतली, तर तिची जाड कड खाचेचा तळ रुंद करते.

साधारण हिशेब असा (‘स्लिम’ आणि ‘एक्स्ट्रा स्लिम’ म्हणजे त्याच लांबीच्या, पण अधिकाधिक बारीक कानशी) : इंचाला 5-6 दाते असतील तर 7 इंची स्लिम, 7-8 असतील तर 6 इंची स्लिम, 9-10 असतील तर 5 इंची एक्स्ट्रा स्लिम आणि त्याहून बारीक दात्यांना 4 इंची एक्स्ट्रा स्लिम. खरेदीला जाण्यापूर्वी करवतीवर पट्टी ठेवून दाते मोजून घ्या.

एक कड बोथट झाली की दांड्याजवळ रंगाची खूण करा आणि पुढच्या कडेकडे वळा. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, म्हणून मागे आणताना ती उचला. दाबून मागे ओढली तर दाते झिजतात. करवतीवरचा गंज आधी काढा. कानशीत अडकलेला कीस तारेच्या ब्रशने साफ करा. पेटीत कानशी एकमेकींवर घासू देऊ नका. प्रत्येकीला कापडात किंवा कागदात गुंडाळा.

एक सावधगिरी. हल्लीच्या बऱ्याच तयार करवतींचे दाते कारखान्यातच उष्णतेने कठीण केलेले असतात आणि ते बहुधा काळसर-निळसर दिसतात. कानस त्यांना कापत नाही, नुसती घसरते आणि स्वतःच खराब होते. अशा करवतीला कानस लावूच नका. तुमच्या जुन्या करवतींचे दाते पात्यासारख्याच रंगाचे असतील आणि हलक्या हाताने फिरवलेली कानस त्यांना कापत असेल, तर त्यांना धार लावता येते.

म्हणून कानशीची किंमत पाहताना ती किती वेळा धार लावून देईल, हेही पाहा. त्या हिशेबाने खास कानस थोडी महाग पडली, तरी तुमच्या आजवरच्या कानशींपेक्षा स्वस्तच ठरेल. दोन करवतींचे दाते वेगळे असतील, तर प्रत्येकीसाठी वेगळी कानस घ्या. चांगल्या पोलादाच्या जुन्या करवती जपण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.