शेतात लोकेशन, यार्डात आवाज : सेटिंगचे शॉर्टकट

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. सातबाऱ्यावर सोयाबीन किंवा हळद लागायची तर शेतात उभं राहून फोटो काढायचा, आणि त्यासाठी जीपीएस लागतं. वसमत-कळमनुरीच्या शिवारात चिखलाच्या हाताने सेटिंग धुंडाळत बसण्यापेक्षा लोकेशनचं पान होम स्क्रीनवरच असलेलं बरं.

काय करावे

• आधी वरचा पडदा खाली ओढा. लोकेशनचं बटण मागच्या पानावर गेलं असेल तर पेन्सिलच्या चिन्हावर जाऊन ते पुढे आणा. बटणावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत थेट सेटिंगचं पानच उघडतं. एवढ्यावर भागलं तर पुढचं काही करू नका.

• होम स्क्रीनच्या रिकाम्या जागी बोट दाबून ‘विजेट्स’ उघडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तिथे ‘सेटिंग्ज’चं विजेट असतं. ते ओढून आणलं की कोणतं पान हवं ते फोनच विचारतो.

• मॅक्रोड्रॉइडसारखं अॅप एका टिचकीत दोन-तीन कामं हवी असतील तेव्हाच घ्या. हिंगोलीच्या हळद मार्केटात बीट (लिलाव) चालू असताना रिंग ऐकू येत नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही. ‘यार्ड’ नावाचा मॅक्रो, म्हणजे एका टिचकीत होणाऱ्या कामांचा संच, करा : रिंगचा आवाज पूर्ण, ब्राइटनेस पूर्ण. ब्राइटनेससाठी अॅप सिस्टम सेटिंग बदलण्याची परवानगी मागेल, ती द्यावी लागते. घरी आल्यावर सगळं पूर्ववत करणारा दुसरा मॅक्रोही लगेच करून ठेवा, नाहीतर रात्री बॅटरी आणि शेजारी दोघेही वैतागतील.

• सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत ‘मोड्स अँड रूटीन्स’ आणि आयफोनमध्ये ‘शॉर्टकट्स’ फोनसोबतच येतं. वेगळं अॅप कशाला?

• नाव मराठीत द्या. ‘शेत’, ‘यार्ड’. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळलं पाहिजे.

काय टाळावे

• अॅपनेच लोकेशन चालू करावं, हा हट्ट. अँड्रॉइड साध्या अॅपला ते करू देत नाही. मोबाइल डेटाचं बटण अॅपने दाबणं अँड्रॉइड ५ पासून, तर वाय-फायचं दाबणं नव्या अॅपांसाठी अँड्रॉइड १० पासून बंद झालं. शॉर्टकटने पान उघडायचं, बटण आपण दाबायचं. कॉम्प्युटरला फोन जोडून खास परवानगी देण्याची युक्ती आहे, पण तिच्यासाठी डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात. ते तसेच चालू राहिले तर काही बँकांची अॅप्स उघडतच नाहीत, आणि ऐन खताच्या दुकानात पैसे जात नाहीत.

• व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल. लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाने आलेल्या अशा फाइलींनी खाती रिकामी केली आहेत. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

• नुसतं पान उघडायला ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी. ती मिळालेलं अॅप स्क्रीनवरचं वाचू शकतं, तुमच्या जागी बटणंही दाबू शकतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अॅपला ही परवानगी देताना फोन अडवतो, तेव्हा वाट काढत बसू नका, अॅप काढून टाका.

• आई-वडिलांच्या फोनवर कॉलच्या चिन्हाशेजारी एअरप्लेन मोडचा शॉर्टकट. दिवसभर फोन लागणार नाही आणि का लागत नाही ते कोणालाच कळणार नाही.