डबा आधी उलटा करा

९५० पौंड. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "कितीला पडला रे?" हे पुन्हा कोणी विचारणार नाही.

मोन्तेक्रिस्तो नंबर २ हा क्युबन सिगार, पंचवीस नगांचा डबा, मार्च २०२१. दुकानातल्या भावाच्या जवळजवळ दीडपट. वरचे पैसे कशाचे, तर मुरण्याचे. विकणारे गृहस्थ इथे लंडनच्या हॅरोत आमच्या ओळखीतले, वयानं वडीलधारे, गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे. नाव घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. "अरे, सात वर्षं मुरलेला माल आहे. लोणचं आणि हवाना, दोन्हींना घाई चालत नाही," असं म्हणत त्यांनी डबा माझ्या हातात दिला. लोणच्याचं नाव काढलं की मराठी माणूस पाघळतो. मीही पाघळलो. पावती मागायची मला लाज वाटली, त्यांना मात्र पैसे मोजून घ्यायची वाटली नाही.

पहिलाच सिगार पेटवला आणि झुरकाच येईना. आटवलेली बासुंदी स्ट्रॉनं ओढावी, तसा प्रकार. गाल दुखले, धूर नाही. दुसरा बरा निघाला. तिसरा पुन्हा बंद. पहिल्या आठातले पाच असे गेले. दर वेळी मी त्यांना फोन करायचो आणि दर वेळी तेच उत्तर यायचं, "अजून थोडा मुरू दे." आता नीट बघा. सात वर्षं मुरलेला म्हणून जास्त पैसे घेतले आणि ओढला जात नाही म्हटल्यावर उपाय काय, तर मुरू दे! हे मला तेव्हा का सुचलं नाही, याचं उत्तर मी अजून शोधतोय. ते मोठ्या माणसाच्या आवाजात बोलायचे, एवढंच.

मी अडीच वर्षं थांबलो.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही हवानाला गेलो. रस्त्यावर एकानं गाठून "माझा भाऊ कारखान्यात आहे, आज कामगारांना स्वस्तात मिळतात" ही तिथली प्रसिद्ध कथा ऐकवली. त्याला मी हसून वाटेला लावलं. याची नोंद असावी, कारण घरी मी "कोणालाही फसतो" असं बोललं जातं. मग सरकारी दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं डबा काढला, पण झाकण उघडायच्या आधी तो सरळ उलटा केला आणि तळाचा शिक्का माझ्यापुढे धरला. कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि खाली महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये, तीन अक्षरांत: एने म्हणजे जानेवारी, आब्र म्हणजे एप्रिल, दिक म्हणजे डिसेंबर. डबा भरला कधी, ते तिथे लिहिलेलं असतं. तिच्या दृष्टीनं ही दाखवायची नेहमीची गोष्ट होती. माझ्या मात्र पोटात खड्डा पडला, कारण माझ्या डब्याच्या तळाला एक पांढरं स्टिकर होतं आणि त्यावर त्या गृहस्थांनी स्वतःच्या सुबक अक्षरात "२०१४" लिहिलं होतं.

घरी आल्यावर बॅगा तशाच टाकल्या, बायकोचा हेअर ड्रायर घेतला आणि ते स्टिकर सोडवलं. आगो २०. ऑगस्ट २०२०. मला विकला तेव्हा डबा सात महिन्यांचा होता. सात हा आकडा तेवढा खरा निघाला.

फोन केला. एवढंसुद्धा न चपापता ते म्हणाले, "अरे, डबा नंतर भरतात, पान आधीचं असतं." यात तथ्य आहे आणि म्हणूनच चीड जास्त येते. वळण्याआधी पान खरंच मुरवतात. आतल्या भरणातलं लिगेरो हे जहाल पान निदान दोन वर्षं ठेवतात. पण ते प्रत्येक डब्याचं असतं, ताज्याचंही. त्याचे वेगळे पैसे कसले? मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं, "आणि आजचा भाव बघ की. तू फायद्यातच आहेस!" न ओढता येणाऱ्या सिगारचा फायदा. मी फोन ठेवला.

त्याच रात्री एक बंद सिगार पात्यानं उभा चिरला. मधोमध पानाची पिळवटलेली गाठ, सुतळीसारखी. ही वळणाऱ्याच्या हातची चूक. सात नाही, सत्तर वर्षं ठेवली तरी गाठ सुटत नाही. अडीच वर्षांची वाट मी त्या गाठीसाठी पाहिली होती.

आता ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी. मुळात ओढूच नका, हे बायकोनं लिहायला सांगितलंय. लिहिलं.

झुरका येत नसेल तर आधी ओलावा तपासा. सत्तर टक्क्यांवर ठेवलेला सिगार फुगतो. मी आता पासष्टवर ठेवतो. ओढायच्या दोन दिवस आधी एखादा बाहेर जरा कोरड्या डब्यात ठेवा. मोकळा झाला तर दोष पाण्याचा होता. नाही झाला तर गाठ आहे, आणि जो कोणी "मुरू दे" म्हणेल तो वेळ काढतोय. आर्द्रता मोजणारी ती छोटी तबकडी नवीकोरी असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओलसर करा, तबकडीबरोबर हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवा. पंच्याहत्तर दाखवायला हवं. माझी एकोणसत्तर दाखवत होती, म्हणजे माझं कपाट सगळा काळ मी समजत होतो त्यापेक्षा ओलं होतं. हा दोष माझा, कबूल.

ठाण्याला भावाला दोन पाठवले होते. त्यानं जुलैत ते तसेच कपाटात टाकले आणि पंधरा दिवसांत पांढरी बुरशी आली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी भीती असते ती किडीची. पंचविशीच्या वर पारा गेला की पानातली अंडी फुटतात, गव्हातल्या किड्यासारखा बारीक भुंगेरा भोकं पाडत बाहेर येतो आणि शेजारच्या सिगारमध्ये शिरतो.

मुरवण्याबद्दल माझं मत विचाराल तर वर्ष-दोन वर्षं. ताज्या सिगारला अमोनियाचा जो उग्र वास येतो तो तेवढ्यात जातो. पुढे चव मऊ होत जाते आणि त्याहीपुढे नुसती जात जाते. मऊपणा आवडणाऱ्यांनी दहा वर्षं ठेवावा, पण ताजा घेऊन स्वतःच्या कपाटात. दुसऱ्यानं सांभाळलेल्या वर्षांचे पैसे शिक्का, पावती आणि होलोग्रामचं सील बघितल्याशिवाय देऊ नका. शिक्क्यावर काहीही चिकटवलेलं असेल तर ते त्याच्यासमोर काढा. लाजू नका. मी लाजलो.

आणि किंमत? कोहिबा या क्युबन सिगारचं ऐका. १९६६ साली कास्त्रोसाठी वळायला सुरुवात झाली, बाजारात आली १९८२ साली. तिची काही पानं तिसऱ्यांदा आंबवतात, म्हणजे मेहनत आहे. पण २०२२ साली तिचे आणि त्रिनिदाद या दुसऱ्या क्युबन ब्रँडचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेले, तेव्हा पानात काय बदललं? दुकानदार इयान वादळाचं नाव घेतात. वादळ त्या सप्टेंबरमध्ये आलं, क्युबातल्या पिनार देल रिओतली तंबाखू वाळवायची हजारो घरं झोपवून गेलं, सगळं खरं. भाव त्याच्या आधीच वाढले होते. क्युबन मातीची ती चव दुसरीकडे मिळत नाही, हे मी मानतो. वर्षातून एखाद्या वेळी तिच्यासाठी पैसे मोजेन. एरवी निकाराग्वातल्या एस्तेलीचे ओढतो. क्रांतीनंतर क्युबातले तंबाखूवाले बी घेऊन तिकडेही गेले होते. तिथला माल निम्म्याहून कमी पैशांत येतो आणि माझ्या अनुभवात दहातले नऊ तरी मोकळे ओढले जातात.

डब्यात आता तीन उरलेत. डबा दिवाणखान्यात मांडलाय, तळ वर करून. गेल्या दिवाळीला ते विकणारे गृहस्थ फराळाला आले होते. दोन चकल्या खाल्ल्या, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, यंदा लंडनला पाऊस जरा जास्तच आहे.