मुलाच्या टॅबमधून आधी तुमचं खातं काढा

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याला उतरून आत वळलं की गोदामांमागून गोदामं लागतात. इथल्या पुष्कळ घरांत आई-बाबा दोघंही पाळीवर असतात. शाळा सुटल्यावर मुलांच्या सोबतीला उरतात ती आजी आणि टॅब. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडायचा म्हणून हौसेने आणलेला हा टॅब बघता बघता गेमनी भरून जातो. मग घरात आरडाओरडा होतो, टॅब कपाटात जातो आणि चार दिवसांनी पुन्हा बाहेर येतो.

माझ्या मते यात मुलाचा दोष कमी आहे. बहुतेक घरांत टॅब सुरू करताना बाबांचंच गुगल खातं टाकलेलं असतं, त्यामुळे प्ले स्टोअरच्या लेखी टॅब हातात धरणारा माणूस म्हणजे बाबाच. बाबांना जे डाउनलोड करता येतं, जिथे पैसे भरता येतात, ते सगळं आठ वर्षांच्या मुलालाही करता येतं. म्हणून नवा पासवर्ड टाकण्याआधी खातं बदलायला हवं. खालची कृती अँड्रॉइड टॅबसाठी आहे. कंपनीनुसार सेटिंग्जमधली नावं थोडी मागेपुढे होतील, क्रम तोच राहील.

साहित्य: टॅब, आईचा किंवा बाबांचा फोन, इंटरनेट, एक वही आणि सुटीच्या दिवसाचे दोन तास. मूल शेजारी बसलेलं हवं. त्याच्या पाठीमागे लावलेली बंधनं त्याला शिक्षा वाटतात.

1. टॅब रिकामा करा. फोटो आणि शाळेच्या फायली दुसरीकडे घ्या, मग सेटिंग्जमध्ये जाऊन तुमचं खातं काढा आणि फॅक्टरी रीसेट करा. खातं आधी, रीसेट नंतर, हा क्रम पाळा. वापरलेला टॅब विकत घेत असाल तर विकणाऱ्याने स्वतःचं खातं तुमच्यासमोर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. खातं न काढता रीसेट केलेला टॅब सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत अडून बसतो.

2. मुलाचं खातं उघडा. तुमच्या फोनवर गुगलचं फॅमिली लिंक ॲप घ्या आणि त्यातून मुलाच्या नावाचं खातं तयार करा. जन्मतारीख खरी द्या. कटकट नको म्हणून वय वाढवून लिहिलं, तर गुगल ते मोठ्या माणसाचं खातं धरतं आणि परवानगी देण्याघेण्याची सगळी सोय तिथेच संपते. आई आणि बाबा दोघांनाही पालक म्हणून जोडा, म्हणजे एकाचा फोन बंद असला तरी दुसऱ्याला उत्तर देता येईल. आता हे नवं खातं टॅबमध्ये टाका.

3. डाउनलोडची परवानगी लावा. फॅमिली लिंकमध्ये प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदी आणि डाउनलोडसाठी मंजुरी कधी लागावी हे विचारलेलं असतं. तिथे ‘सगळ्यासाठी’ हा पर्याय निवडा. फुकट ॲपही त्यात आली पाहिजेत, कारण आतमध्ये पैसे मागणारे बरेच गेम डाउनलोड करताना फुकटच असतात. शेजारीच वयोगटाची मर्यादा आहे. 3+, 7+, 12+ असे आकडे दिसतील, त्यातला मुलाच्या वयाला बसेल तो ठेवा.

एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. एकदा मंजूर केलेलं ॲप काढून टाकलं, तर मुलाला ते न विचारता पुन्हा घेता येतं. ॲपच्या अपडेटलाही मंजुरी लागत नाही. नको असलेलं ॲप नुसतं काढू नका, फॅमिली लिंकच्या यादीत जाऊन ते ब्लॉक करा.

अनेक गोदामांत फोन आत नेता येत नाही, तो लॉकरमध्ये राहतो. मुलाने दुपारी तीन वाजता मागितलेली परवानगी तुम्हाला रात्रीच दिसणार. हे त्याला आधीच सांगा: नव्या ॲपचं उत्तर रात्री जेवणानंतर, दोघांनी मिळून ते ॲप बघून. वाट पाहायची सवय लागली की निम्म्या मागण्या रात्रीपर्यंत विसरल्या जातात. मंजुरी तुमच्याच फोनवरून द्या. मुलाच्या टॅबवर तुमचा पासवर्ड टाइप करून मंजुरी देण्याचीही सोय आहे, पण मुलांची नजर तल्लख असते, त्या सोयीचा मोह टाळा.

4. पैशाच्या वाटा बंद करा. इथे घाई करू नका. 2014 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, मुलांनी पालकांच्या परवानगीशिवाय ॲपमध्ये केलेल्या खरेदीवरून, ॲपलला किमान 3 कोटी 25 लाख आणि गुगलला किमान 1 कोटी 90 लाख डॉलर ग्राहकांना परत करायला लावले होते. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची काही मिनिटं, ॲपलकडे पंधरा आणि गुगलकडे तीस, तो पुन्हा विचारला जात नसे. तेवढ्या वेळात मुलं गेममधली नाणी आणि हिरे विकत घेत राहिली. तुमच्या स्वतःच्या फोनवरही प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायची सेटिंग लावा, कारण मूल तुमचा फोनही घेतंच.

त्याच फोनमध्ये मुलाच्या बोटाचा ठसा नोंदवलेला आहे का, तेही पाहा. कौतुकाने नोंदवलेला असतो. फोनमध्ये ज्याचा ठसा आहे, त्याच्या बोटाने खरेदीही मंजूर होऊ शकते. तो ठसा काढून टाका.

टॅबवर कार्ड किंवा यूपीआय जोडू नका. बँकेशी जोडलेलं सिम टॅबमध्ये ठेवू नका, नाहीतर पैसे मागणारा गेम आणि त्यासाठी येणारा ओटीपी एकाच हातात येतात. दर महिन्याला पैसे कापणाऱ्या ॲपपासून जास्त सावध राहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वर्गणीला पहिल्यांदा मंजुरी दिली की पुढचे 15,000 रुपयांपर्यंतचे हप्ते ओटीपीशिवाय कापले जातात. त्याआधी बँकेचा मेसेज येतो, तो वाचत जा.

5. ॲपना काय दिसतं ते ठरवा. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत परवानग्यांची यादी असते: कॅमेरा, माइक, लोकेशन, कॉन्टॅक्ट, फायली. प्रत्येक ॲपपुढे मुलालाच विचारा, याला हे कशाला हवं? दीक्षाला कोड वाचायला कॅमेरा लागतो, तेव्हा ‘ॲप वापरताना’ एवढीच परवानगी द्या. चित्रं रंगवायच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत? नाकारा. नाकारल्याने एखादी गोष्ट चाललीच नाही, तर मग विचार करता येतो.

6. स्टोअरबाहेरचा रस्ता अडवा. फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये भारतात बंदी आली आणि तो स्टोअरवरून गेला. स्टोअरमध्ये नसलेले असे गेम मुलं एकमेकांना एपीके फाइल पाठवून देतात. अशा फाइलला वयाची मर्यादा लागू होत नाही आणि आत काय भरलंय ते कळत नाही. फॅमिली लिंकमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची सेटिंग आहे, ती बंदच ठेवा.

7. पासवर्ड वेगळे ठेवा. टॅबच्या स्क्रीनचा पिन मुलाला माहीत असू द्या, टॅब त्याचाच आहे. मुलाच्या खात्याचा पासवर्ड लहानपणी तुम्हीच सांभाळा. तुमच्या खात्याचा पासवर्ड मुलाला, आजीला, शेजाऱ्याला, कुणालाच नको. जन्मतारीख आणि गाडीचा नंबर मुलं पहिल्या फेरीतच ओळखतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, लांब पासवर्ड फोडायला कठीण जातो. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. सिम बदललं आणि नंबर सोडून दिला, तर काही महिन्यांनी तो दुसऱ्या माणसाला मिळतो आणि खातं परत मिळवायचा कोड त्याच्याकडे जातो. पासवर्ड वहीत लिहा, वही तुमच्या कपाटात ठेवा.

एवढं करूनही कधी पैसे गेले, तर मूल ते सांगेल का, हा खरा प्रश्न आहे. मार बसेल या भीतीने मुलं दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात. प्ले स्टोअरवरून चुकून झालेल्या खरेदीचे पैसे 48 तासांच्या आत थेट स्टोअरकडेच परत मागता येतात. कुणी फसवून पैसे काढले असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी समोरच्या खात्यात अडवता येते. तेव्हा या बैठकीतच मुलाला सांगून टाका की पैसे गेल्याचं सांगितलंस तर कुणी हात उगारणार नाही. आणि 1930 हा नंबर वहीत न ठेवता टॅबच्या कव्हरवर चिकटवा, आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.