भिंगाचे घर

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाने पितळ होते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. परंतु या पितळेचा आणि कॅमेऱ्याच्या भिंगाचा काही संबंध असेल, असे तुमच्या मनात सहसा येणार नाही.

भिंग म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे काच येते. वस्तुतः कॅमेऱ्याच्या भिंगात बहुधा एकाहून अधिक काचा असतात. जर्मनीतील झाइस कारखान्यात पाउल रुडोल्फ यांनी १९०२ साली सिद्ध केलेल्या 'टेसार' या सुटसुटीत भिंगात चार काचा होत्या. त्यांतील दोन एकमेकींस चिकटवलेल्या होत्या. अशा काचांचे मध्य एका सरळ रेषेत असावे लागतात. एखादी काच किंचित कलली, तर चित्राची एक बाजू रेखीव आणि दुसरी धूसर उमटते. काचांना अढळ ठेवण्याचे काम त्यांच्या भोवतीचे नळकांडे करते. जुन्या काळी ही नळकांडी बहुधा पितळेची असत; कारण पितळ लेथवर सुबक कातले जाते, त्यावर बारीक आटे पाडता येतात आणि ते लोखंडासारखे गंजत नाही.

एकाच नाभीय अंतराच्या लहान भिंगात दृश्य जवळ ओढण्याची सोय नसते. छायाचित्रकाराने स्वतःच चार पावले पुढे जावे! समजा, हे अंतर ५० मिलिमीटर आहे. दूरच्या डोंगरावर रोखलेले भिंग धानाच्या बांधीत पाच मीटरवर उभ्या असलेल्या बगळ्यावर रोखायचे, तर ते किती पुढे सरकवावे लागेल? अवघे अर्धा मिलिमीटर! आट्यांत थोडी जरी ढिलाई असली आणि भिंग डुलले, तरी बगळा अस्पष्ट होऊन मागचे गवतच रेखीव दिसावयाचे. म्हणून चांगल्या भिंगात आट्यांची एक बाजू पितळेची व दुसरी ॲल्युमिनियमची करतात. दोन्ही बाजू ॲल्युमिनियमच्या असल्या, तर त्या घासून एकमेकींत अडकण्याचा संभव असतो.

कॅमेऱ्याला जोडणारी भिंगाची मागील कडी म्हणजे त्याची बैठक. कॅनन या जपानी कंपनीच्या १९८७ सालच्या ५० मिलिमीटर भिंगाची बैठक धातूची होती. १९९० साली तिने ती प्लॅस्टिकची केली. भिंगाचे वजन १३० ग्रॅमवर आले आणि बेताच्या पैशांत अनेक हौशी तरुणांना ते घेता आले. हा लाभ काही लहान नव्हे. तथापि, वारंवार काढघाल केल्यावर प्लॅस्टिकची कड धातूपेक्षा लवकर झिजते. २०१५ सालच्या नव्या भिंगाला कंपनीने पुन्हा धातूची बैठक दिली.

आपल्या जिल्ह्याचे हवामानही भिंगाची परीक्षा घेते. मे महिन्याच्या कडक उन्हात आट्यांतील ग्रीस पातळ होऊन आतल्या नाजूक पात्यांवर ओघळू शकते. मग पाती चिकटतात आणि प्रकाश कमीअधिक करता येत नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात हवा दमट असते. बंद कपाटात ठेवलेल्या भिंगाच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. नळकांडे स्क्रूंनी जोडलेले असेल, तर कुशल कारागीर ते उघडून, काचा पुसून, पुन्हा जसेच्या तसे बसवू शकतो. भाग चिकटवून टाकलेले असले, तर त्यालाही हात टेकावे लागतात.