गृहस्थाचा अपरिग्रह

गीतेच्या सहाव्या अध्यायातील दहाव्या श्लोकात योग्याला ‘अपरिग्रह’ हे विशेषण लाविले आहे. योगी एकान्तात राहणारा. मग संसारी गृहस्थाने त्यातून काय घ्यावे? ‘परि’ म्हणजे सभोवार, ‘ग्रह’ म्हणजे धरणे. आवश्यक ते हाती धरणे हा गृहस्थाचा धर्मच; गरजेवाचून वस्तूंचा वेढा स्वतःभोवती घालून घेणे, हा त्याने टाळावयाचा परिग्रह होय.

बंगळूरजवळील इलेक्ट्रॉनिक सिटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वसू लागली. तेथे पुतण्याच्या घरी खणात दोन मोबाईल पडलेले दिसले. तिसरा, हप्त्यांवर घेतलेला, त्याच्या हाती होता. ‘‘ते बिघडले काय?’’ ‘‘नाही काका, जुने झाले.’’ उपदेश ओठांवर आला, तोच माझ्या कपाटातील न उघडलेले ग्रंथ आठवले.

मोबाईलमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग वापरात नव्हे, तर तो घडविण्यातच होतो. टाकलेल्या यंत्रातील तांब्यासाठी कोणी मजूर तारा जाळतो व तो विषारी धूर श्वासात घेतो. देवांनी दिलेले त्यांस अर्पण न करता भोगणारा चोर, असे तिसऱ्या अध्यायात (३.१२) सांगितले आहे. पृथ्वीचे घेऊन अवेळी फेकणाऱ्यास निराळे नाव कसे द्यावे?

म्हणून घेण्यापूर्वी विचारावे: ही गरज, की केवळ नव्याची ओढ? वस्तू दुरुस्त होते तोवर वापरावी. निकामी झाल्यास अधिकृत संकलनकेंद्रात द्यावी.

पुतण्याने एक मोबाईल गावी आईकडे पाठविला. मीही काही ग्रंथ पाठशाळेत पोहोचविले. वेढा थोडा सैल झाला.