अपुऱ्या दिवसांची बाळे : एका इंजेक्शनची पन्नास वर्षांची परीक्षा

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती आढळते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या पारड्यात पडतो आणि आठमाशा बाळाची जगण्याची शक्यता सातमाशा बाळाहून निश्चितच अधिक असते. तरीही ही समजूत टिकून राहिली. दिवसांची मोजदादच अंदाजाने होत असल्यामुळे कोणते बाळ सातमाशी आणि कोणते आठमाशी हे ठरविणेच कठीण होते, हे त्याचे एक कारण असावे. मोजणीचा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु पुढील विवेचनात तोच वारंवार आडवा येणार आहे.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या प्रसूतीस मुदतपूर्व प्रसूती म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशा रीतीने जन्मास आली. त्यांपैकी सुमारे ३० लाख, म्हणजे एक-पंचमांशाहून अधिक, भारतातील होती. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंच्या कारणांत मुदतपूर्व जन्म आणि त्यातून उद्भवणारे विकार यांचा क्रमांक पहिला लागतो. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यासमोर हा विषय मांडताना केवळ आकडे देण्यापेक्षा एका औषधाचा वृत्तांत सांगणे अधिक उद्बोधक ठरेल असे वाटते. या औषधाने अनेक देशांतील डॉक्टरांना एकत्र आणले, त्यांचा अंदाज एकदा साफ खोटा पाडला आणि अखेरीस त्यांना योग्य मार्गही दाखविला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पहिला शत्रू म्हणजे त्याची अपक्व फुप्फुसे. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडल्यानंतर एकमेकांस चिकटून बसू नयेत म्हणून त्यांच्या आतील बाजूस एका स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो. त्यास सर्फॅक्टंट म्हणतात. साबणाच्या पाण्याचा फुगा सहज फुगतो, साध्या पाण्याचा फुगत नाही, तसाच हा प्रकार आहे. हे द्रव्य पुरेशा प्रमाणात तयार होण्यास गर्भाचे साधारण ३४-३५ आठवडे उलटावे लागतात. या द्रव्याच्या अभावीच ही बाळे श्वासासाठी तडफडतात, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकेतील संशोधकांनी १९५९ साली दाखवून दिले. कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. बाळाचे वजन दोन किलोहून थोडे अधिक होते. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असूनही ते दोन दिवसही जगू शकले नाही. आज याच वजनाचे व दिवसांचे बाळ आपल्याकडील जिल्ह्याच्या ठिकाणी सुखरूप घरी जाते.

उपाय सापडला तो मेंढ्यांच्या अभ्यासातून, आणि तोही जवळजवळ अनपेक्षितपणे. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतीच्या कळा कशामुळे सुरू होतात याचा शोध घेत होते. गर्भातील कोकरांना स्टेरॉइड वर्गातील औषध दिल्यास मेंढी लवकर विते, हे त्यांनी पाहिले. त्यांतील एक कोकरू इतक्या लवकर जन्मले होते की ते श्वास घेणेच शक्य नव्हते. तरीही ते श्वास घेत होते. ते मेल्यावर तपासणी केली असता त्याच्या फुप्फुसांत हवा शिरलेली आढळली. दुसऱ्या एखाद्या संशोधकाने ही बाब अपवाद म्हणून सोडून दिली असती. लिगिन्स यांनी ती सोडली नाही. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्या साहाय्याने त्यांनी अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या २८२ मातांवर चाचणी घेतली. कोणत्या मातेस औषध द्यावयाचे व कोणत्या मातेस नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकावी तसे योगायोगावर सोपविले. १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्या गटातील २५.८ टक्के बाळांना श्वसनकष्ट झाले, तर औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले.

एवढा स्पष्ट निष्कर्ष हाती असूनही हे इंजेक्शन सर्वत्र दिले जाण्यास वीसएक वर्षे जावी लागली. इतर चाचण्या लहान लहान होत्या आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष सुटे पाहिले असता संदिग्ध वाटत. त्या सर्व एकत्र मांडल्यावरच संशय उरला नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करण्यासाठी १९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बोधचिन्हातील आडव्या रेषा म्हणजे याच औषधाच्या सात चाचण्यांचे निष्कर्ष होत. आधीच उपलब्ध असलेली माहिती वेळेवर एकत्र न केल्यामुळे मधल्या काळात किती बाळे गेली असतील, याचे स्मरण त्या संघटनेने आपल्या कपाळीच कोरून ठेविले आहे. १९९४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने औषधाची शिफारस केली आणि श्रीमंत देशांत ते रुळले.

आता या वृत्तांताचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. औषध स्वस्त, इंजेक्शन देणे सोपे. मग खेड्यापाड्यांतील मातांनाही ते मिळाले तर लक्षावधी बाळे वाचतील, हा विचार कोणासही पटण्यासारखा होता. मात्र आधीच्या चाचण्या मुख्यतः सुसज्ज रुग्णालयांत झाल्या होत्या. म्हणून अर्जेंटिना, ग्वाटेमाला, झांबिया, केनिया, पाकिस्तान आणि भारत अशा सहा देशांत एक विस्तृत चाचणी घेण्यात आली. भारतातील तिची केंद्रे बेळगाव व नागपूर येथे होती. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व नागपूरचे लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्था माता-बालक संशोधनाच्या या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सहभागी आहेत. येथे चिठ्ठी व्यक्तींची नव्हे, गावांच्या समूहांची टाकण्यात आली. काही समूहांत आरोग्यसेवकांना अकाली प्रसूती ओळखण्याचे व डेक्सामेथासोन देण्याचे प्रशिक्षण मिळाले, उरलेल्यांत नेहमीची सेवा चालू राहिली. सुमारे एक लाख जन्मांची नोंद झाली.

२०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्कादायक होता. अगदी लहान बाळांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. एकूण बाळांमधील मृत्यू मात्र कमी होण्याऐवजी वाढले. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे नेहमीच्या सेवेच्या समूहांत २३.९, तर औषधाच्या समूहांत २७.४ मृत्यू झाले. मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही औषधाच्या समूहांत अधिक आढळली. त्याच वर्षी भारत सरकारनेही अकाली कळा आलेल्या मातेस परिचारिकेने पहिला डोस देऊन पुढे पाठवावे, अशी मार्गदर्शक सूचना काढली होती. त्यामुळे आपल्या देशात या निष्कर्षाची चर्चा होणे अपरिहार्य होते.

असे का व्हावे? एकच निर्णायक कारण संशोधकांनाही सांगता आलेले नाही. परंतु काही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. शेवटच्या पाळीची तारीख ठाऊक नसेल तेथे पोटाची उंची फितीने मोजून दिवसांचा अंदाज केला गेला होता. परिणामी औषध मिळालेल्या बहुसंख्य मातांची बाळे मुळात फार लहान नव्हतीच. ज्यांना लाभ व्हावयाचा त्यांतील अनेकींपर्यंत औषध पोहोचले नाही, आणि ज्यांना गरज नव्हती त्यांना ते मिळाले. शिवाय जन्मानंतर त्या बाळास प्राणवायू, ऊब, जंतुसंसर्गावर उपचार यांपैकी काय मिळणार होते? ऑकलंडच्या बाळाला सुईमागे उभे असलेले अख्खे रुग्णालय मिळाले होते. खेड्यातील बाळाला केवळ सुई मिळाली. असा प्रतिकूल निष्कर्ष न झाकता संशोधकांनी तो जगासमोर मांडला, ही त्यांची मोठीच सेवा मानावी लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली या औषधास अटी जोडल्या. दिवसांची अचूक मोजणी झालेली असावी, प्रसूती लवकरच होणार हे निश्चित असावे, मातेस जंतुसंसर्ग नसावा, आणि प्रसूतीची व नवजात बाळाची पुरेशी सेवा त्या जागी उपलब्ध असावी. परंतु या अटी पाळल्या तर गरीब देशांत औषध खरोखर तारते काय, याचे उत्तर बाकी होते. ते शोधण्यासाठी बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया व पाकिस्तान येथील २९ रुग्णालयांत नवी चाचणी सुरू झाली. २,८५२ मातांनी तीत भाग घेतला. सोनोग्राफीच्या आधारे दिवस निश्चित करून २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यानच्या मातांनाच तीत घेतले गेले.

येथे वाचकांच्या मनात एक रास्त प्रश्न उभा राहील : निम्म्या मातांना औषधाऐवजी औषध नसलेले इंजेक्शन देणे न्याय्य होते काय? आधीच्या चाचणीने हानीची शंका निर्माण केली नसती तर ते न्याय्य ठरले नसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शंका खरी होती, म्हणूनच परीक्षा आवश्यक होती. आणि एका स्वतंत्र समितीची आकड्यांवर सतत नजर होती. लाभ स्पष्ट दिसताच चाचणी ठरलेल्या मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषध मिळालेल्या गटात १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के नवजात बाळे दगावली. दर २५ मातांना औषध दिल्यास एक बाळ वाचते, असा याचा अर्थ. मातांमधील जंतुसंसर्गही वाढला नाही. औषध तेच होते. जागा आणि मोजणी बदलली होती.

मोजणीचे महत्त्व आता वेगळे सांगावयास नको. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने दिवस सर्वांत अचूक कळतात. पुढे बाळांच्या वाढीत फरक पडत जातो व अंदाज सैल होतो. त्यातही प्रचलित सूत्रे पाश्चात्त्य मातांवरून बसविलेली होती. गुरुग्रामच्या शासकीय रुग्णालयात २०१५ पासून चालू असलेल्या ‘गर्भिणी’ या अभ्यासातून भारतीय गर्भांसाठी स्वतंत्र सूत्रे तयार झाली आहेत. काही कुटुंबांत सोनोग्राफीविषयी भलत्याच अपेक्षा असतात. त्यांना एवढेच सांगणे आहे की, ही तपासणी दिवस व प्रकृती पाहण्यासाठी आहे. लिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बाळ लवकर आल्यावर त्यास वाचविणे वेगळे आणि लवकर येऊच न देणे वेगळे. दुसरे काम अधिक अवघड आहे, कारण मुदतपूर्व प्रसूती हा एक रोग नाही. जंतुसंसर्ग, रक्तदाब, जुळी गर्भधारणा, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर अशा अनेक वाटा तेथे येऊन मिळतात आणि पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही. आपल्या घराजवळचे एक कारण मात्र सांगितलेच पाहिजे, ते म्हणजे मिश्री व तंबाखू. मुंबईतील गर्भवतींच्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी सुमारे सहा दिवस आधी जन्मली आणि वजनाने सरासरी १०५ ग्रॅम कमी भरली. मिश्रीला व्यसन न मानणाऱ्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

प्रतिबंधाच्या दिशेने दुसरे आशादायक पाऊल ॲस्पिरिनचे आहे. वर उल्लेखिलेल्या जाळ्यानेच भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो व ग्वाटेमाला येथील पहिलटकरणींवर ही चाचणी घेतली. बेळगाव व नागपूर यांचा तीतही सहभाग होता. ११,९७६ मातांपैकी निम्म्यांना पहिल्या तिमाहीपासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देण्यात आले. २०२० सालच्या निष्कर्षानुसार मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. घट लहान दिसते. तिची निश्चिती करण्यासाठी सहा देशांतील बारा हजार माता लागल्या, कारण एका रुग्णालयाच्या आकड्यांत ती दिसलीच नसती. अर्थात ही गोळी कोणी परस्पर घेऊ नये. ती कोणास व केव्हा द्यावयाची हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

धर्मादाय रुग्णालयांस देणगी देताना काचेची पेटी किंवा यंत्र देण्याकडे स्वाभाविक कल असतो, कारण त्यावर नाव कोरता येते. पहिल्या तिमाहीतील विनामूल्य सोनोग्राफी, रात्रपाळीची अनुभवी परिचारिका, प्राणवायूचा अखंड पुरवठा यांवर पाटी लावता येत नाही. उपरोक्त दोन चाचण्यांतील अंतर मात्र याच गोष्टींनी पडले होते, हे विश्वस्त व देणगीदारांनी खर्चाचा विचार करताना पाहावे. आणि कुटुंबीयांनी पाळी चुकल्यावर लवकरात लवकर नावनोंदणी करावी, शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून आणावी व पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल बाळंतपणापर्यंत जपून ठेवावा. दिवस भरण्याआधी पोटात दुखू लागल्यास किंवा पाणी गेल्यास तो अहवाल सोबत घेऊनच रुग्णालयात यावे; इंजेक्शन द्यावयाचे की नाही, हे डॉक्टर त्यावरील तारखेवरूनच ठरवितात.