कोलोसियमचं तळघर पाहावं का?

प्रश्न : रोममध्ये आमच्या हाताशी एकच दिवस आहे. कोलोसियमच्या तळघरासाठी जादा पैसे मोजावेत का?

उत्तर : जरूर मोजा. इ. स. 80मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूची खरी करामत खालीच आहे. सम्राट डोमिशियनच्या काळातल्या त्या अरुंद बोळांत गुलाम रहाट फिरवत, आणि पिंजऱ्यातलं जनावर झडपेतून थेट रिंगणात उगवे. तळघर वरूनही दिसतंच की, असं कुणी म्हणेल. दिसतं खरं, कारण रिंगणाची मूळ लाकडी जमीन उरलेली नाही. पण वरून नुसता भिंतींचा गुंता दिसतो, यंत्रणा उमगत नाही. ती खाली, रहाट जिथे रोवले जात त्या खाचांपाशी उभं राहिल्यावरच कळते. खर्च झेपत नसेल, तर उत्तरेकडच्या कमानींवर कोरलेले प्रवेशक्रमांक बघा. 23 ते 54 अजून वाचता येतात, तेही फुकट.